पहिल्या घासाची हंसाई

एका राज्यात राजाच्या ताटातला पहिला घास राजा खात नसे. तो हंसाई खाई. घासात विष असेल तर हंसाईने मरावे आणि राजाने जगावे, अशी ती साधी, सोयीची व्यवस्था होती. अकरा वर्षांत तिने चार विषे ओळखली. राजा भद्रसेनाला तिचे नावही ठाऊक नव्हते, पण तिच्या जिवावर तो पोटभर जेवत असे.

पुढे हंसाईला दिवस गेले. पाचव्या महिन्यात मुदपाकखान्याचा अधिकारी वज्रदंत तिला म्हणाला, "तुझी जीभ बोथट झाली. उद्यापासून येऊ नकोस."

"माझा कोणता घास चुकला?"

"महाराजांची आज्ञा आहे."

बोथट जिभेची म्हणून एकदा नाव झाले, की दुसऱ्या कोणत्या दरबारी तिला कोण उभे करणार? पोटात मूल घेऊन ती वाड्याच्या दरवाजाशी आली. दरवाजा उघडेना. हत्ती लावले, तरी उघडेना. त्याच घटकेला वाड्यातले सारे अन्न कडू झाले. दूध कडू, गूळ कडू, राजपुत्राच्या हातातला लाडूही कडू.

दरवाजावर तीनशे वर्षांची एक साळुंकी राहत असे. राजा सज्जात येताच ती म्हणाली, "राजा, हा दरवाजा तुझ्या पूर्वजांनी मांत्रिकाकडून घडवून घेतला. खोटे कारण सांगून काढलेल्या चाकराला तो बाहेर सोडत नाही. खरे कारण बोल, कडूपणा जाईल."

"कारण खरेच आहे," राजा म्हणाला. "तिची परीक्षा घ्या."

सात विहिरींचे पाणी एकत्र केले. हंसाईने सातही विहिरी ओळखल्या, आणि एकीत बेडूक मेला आहे तो काढा, असेही सांगितले. मणभर भातात धोतऱ्याच्या रसात बुडवलेले एक शीत टाकले. तिने वाफेवर जीभ धरली आणि ते शीत वेचून बाजूला ठेवले. मग खिरीची वाटी आली. कडूपणाच्या तळाशी जाऊन ती म्हणाली, "विष नाही. अश्रू आहेत. माझ्या जागी आणलेल्या बाईचे. ती घाबरली आहे."

खांबाआड उभ्या असलेल्या नव्या बाईने पदराने डोळे पुसले.

राजपुत्र तीन दिवसांचा उपाशी होता. अखेर राजा दरवाजाशी आला. "चाखणारी मेली तर कोणी विचारत नाही. पोटुशी मेली तर लोक म्हणतील, राजाने दोन जीव घेतले. माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तुला काढले. तुझी जीभ चोख आहे."

"आणि बाहेर उपाशी मेले असते तर?"

"ते माझ्या नावावर लागले नसते."

दरवाजा उघडला.

"दोष नसेल तर जागा परत," साळुंकी म्हणाली. राजाने जागा परत दिली. वज्रदंताची रवानगी गोठ्यात झाली. ज्याची आज्ञा होती, तो सिंहासनावर बसला.

दूध गोड झाले, गूळ गोड झाला, राजपुत्र लाडू खाऊन झोपला. राज्यातला सगळा कडूपणा गेला, फक्त हंसाईच्या जिभेवरचा गेला नाही. त्याखाली आता तिला काहीच लागेना, ना मीठ, ना विष. तरी ती रोज पहिला घास घेई आणि मान हलवून ताट पुढे सरकवी. तिने कोणाला काही सांगितले नाही. सांगितले असते, तर तिला काढायला खरे कारण मिळाले असते.