टिचकीचं पांघरूण गेलं लुगड्यात

लांब तिकडे आफ्रिकेत, कुबा लोकांच्या गावात, एक उंदरी राहायची. नाव टिचकी. होतीही टीचभर.

तिचं एक पांघरूण होतं. ताडाच्या धाग्याचं. चौकोनी, मऊ मऊ. मधोमध एक पिवळा डाग. डाग कसला, ते आत्ता विचारायचं नाही.

पांघरुणाशिवाय टिचकीला झोप यायची नाही. अजिबात नाही.

एकदा काय झालं, टिचकी राहायची त्या घरातली मिंगामावशी लुगडं कुटत होती. हो, कुटतच होती. तिथं नवं कापड कडक असतं. उखळात घालून कुटलं की मऊ होतं. धप्प धप्प. धप्प धप्प. मावशीच्या अंगात जोर फार. धप्प धप्प फर्र.

पडलं भोक.

आता आली का पंचाईत? त्याच दिवशी म्यूझियमचे साहेब येणार होते. छान छान लुगडी न्यायची आणि काचेच्या कपाटात ठेवायची, हेच त्यांचं काम. मावशीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कोपऱ्यात एक तुकडा दिसला. टुच टुच टुच, दिला लावून भोकावर. झालं ठिगळ.

तेच होतं टिचकीचं पांघरूण.

टिचकी आली तुरुतुरु. "मावशी मावशी, माझं पांघरूण दे."

मावशी म्हणाली, "दिलं असतं गं. पण भोक दिसेल ना. काकाकडून नवं ठिगळ आण. नाही तर नाही, जा."

कारण विणायचं काकानं, टाके घालायचे मावशीनं. मावशी मागाला बोटसुद्धा लावायची नाही.

टिचकी गेली तुरुतुरु. क्वेतेकाका मागावर बसला होता. खट्टक खट्टक.

"काका काका, ठिगळ विण.
काका ठिगळ विणेल,
मावशी ते लावेल,
मगच मला मिळेल माझं पांघरूण."

काका म्हणाला, "विणलं असतं गं. पण धागा संपला ना. ताडाचं पान आण. नाही तर नाही, जा."

टिचकी गेली तुरुतुरु. ताड उभा होता डुलत. सळसळ सळसळ.

"ताडा ताडा, पान दे.
ताड पान देईल,
काका ठिगळ विणेल,
मावशी ते लावेल,
मगच मला मिळेल माझं पांघरूण."

ताड म्हणाला, "दिलं असतं गं. पण ही बकरी मला पाठ घासतेय ना. गुदगुल्या होतात. ही ही ही. तिला हटव. नाही तर नाही, जा."

टिचकी बकरीकडे वळली. बकरी पाठ घासत होती. खरर खरर.

"बकरी बकरी, बाजूला हो.
बकरी बाजूला होईल,
ताड पान देईल,
काका ठिगळ विणेल,
मावशी ते लावेल,
मगच मला मिळेल माझं पांघरूण."

बकरी म्हणाली, "झाले असते गं. पण पाठीवर पिसू आहे ना. चावते मेली. तिला उठव. नाही तर नाही, जा."

टिचकी चढली बकरीच्या पाठीवर. पिसू बसली होती मजेत.

"पिसू पिसू, उडी मार.
पिसू उडी मारेल,
बकरी बाजूला होईल,
ताड पान देईल,
काका ठिगळ विणेल,
मावशी ते लावेल,
मगच मला मिळेल माझं पांघरूण."

पिसू म्हणाली, "मारली असती गं. पण मऊ जागा हवी ना."

तेवढ्यात खडखड खडखड. मोठी पेटी ओढत साहेब आले. अर्धी चड्डी. गुबगुबीत पोटऱ्या.

पिसूनं पोटऱ्या पाहिल्या. टुणुक टुणुक टुणुक!

साहेब लागले नाचायला. एक पाय वर, एक पाय खाली.

पिसूनं उडी मारली. बकरी बाजूला झाली. ताडानं पान दिलं, सर्रकन. काकानं धागे काढले, ठिगळ विणलं, खट्टक खट्टक. मावशीनं जुनं उसवलं, नवं लावलं, टुच टुच टुच. टिचकीला मिळालं पांघरूण.

मिळालं?

साहेब आले पाय खाजवत. त्यांनी ते टिचकीच्या हातातून उचललं. चष्मा लावून पाहिलं.

"वा! हा पिवळा सूर्य. किती खोल अर्थ आहे याला."

मग पांघरूण नाकाशी नेलं. लांब श्वास घेतला. जंगलाचा सुगंध येतो, म्हणाले. लुगडं राहू दे, आधी हेच न्यायचं, म्हणाले. पेटी उघडली, खाट.

पेटीत गेलं की गेलंच. ती साहेबांच्या बुटावर चढली आणि म्हणाली,

"साहेब, तो सूर्य नाही. ती माझी शू आहे."



साहेबांनी पांघरूण सोडलं. नाक पुसलं. हात पुसले. परत नाक पुसलं. मग लुगडं पेटीत घातलं आणि निघाले. खडखड खाज खाज. खडखड खाज खाज.

टिचकी शिरली पांघरुणात. शेपूट आत, नाक बाहेर. घुर्र घुर्र, मस्त झोपली.

उठली, तेव्हा पांघरुणावर दुसरा सूर्य उगवला होता.