खडीवरची फरशी

एकदा एक निवृत्त शिक्षक टळटळीत दुपारी आमच्या दारात पाण्याची बादली मागायला आले. समोरच्या नव्या दवाखान्यात न्यायची आहे, एवढंच म्हणाले. हे फिरके सर तंत्रनिकेतनात वीज शिकवत. विनाकारण काही मागणारे गृहस्थ नव्हेत. तेव्हा मीही बादलीच्या मागोमाग निघाले. आपली बादली कुठे चालली ते बघायला नको का?

दवाखाना बांधला होता जावळे शेठनी. केळीचा मोठा व्यापार, हात मोकळा, आणि प्रत्येक गोष्ट देखणी असावी हा सोस. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर डायलिसिस सुरू व्हायचं होतं. आमच्या गल्लीतल्या सिंधूबाई त्यासाठी आजवर एसटीने जिल्ह्याच्या गावी जात, आणि परत येताना खिडकीला डोकं टेकून अर्धमेल्या येत. पहिल्या पाळीत त्यांचा नंबर होता. सगळा गाव उद्याकडे डोळे लावून बसला होता म्हणा ना.

दवाखान्यातल्या विजेची जबाबदारी हर्षदाकडे होती. ती सरांचीच विद्यार्थिनी. तिने होकार दिल्याशिवाय वरची यंत्रं चालू व्हायची नव्हती. होकार तिने मनात दिलेलाच होता. सरांनी एकदा बघावं आणि पाठीवर हात ठेवावा, एवढ्यासाठीच तिने त्यांना बोलावलं होतं.

मागच्या अंगणात जाळीच्या कुंपणाआड ट्रान्सफॉर्मर उभा होता. ऊन असं की त्याच्या अंगावरच्या पत्र्याच्या पट्ट्यांवरची हवा थरथरत होती. शेठ छत्री धरून आले.

"सर, पाणी कशाला? सकाळीच फरशी पुसून घेतलीय," ते म्हणाले.

सरांनी बादली खाली ठेवली. "हर्षदा, हा तेलाचा का घेतलास? कोरडा, बिनतेलाचा का नाही?"

ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ झाली. "सर, जागा उघडी. आपल्याकडचा उन्हाळा असा. तेलात बुडालेली तारेची गुंडाळी थंड राहते, कारण तेल उष्णता बाहेरच्या पट्ट्यांपर्यंत नेतं. थोडा जास्त भार आला तरी हा सोसतो. ऊनपाऊस अंगावर घेतो. आणि तेलाचा नमुना तपासला की आत काय बिनसलंय ते आधी कळतं."

"बरोबर. निवड योग्य आहे," सर म्हणाले.

हर्षदाचा चेहरा खुलला. शेठही हसले. "मग झालं तर. चला, चहा घ्या."

सर चहाला वळले नाहीत. त्यांनी बादली उचलली आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी सगळी उपडी केली.

शेठ मागे सरकले. "अहो, म्हातारपणी हे काय चालवलंय? उद्या पाहुणे यायचेत."

पाणी क्षणभर थबकलं, मग चकचकीत फरशीवरून पसरलं आणि कुंपणाखालून बाहेर आलं. फरशी धुताना पाणी साचू नये म्हणून गवंड्याने तिला सुरेख उतार दिलेला. त्या उताराने ते निमूटपणे वाहत गेलं आणि वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्या रॅम्पच्या तोंडाशी जाऊन साचलं. आजाऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या त्याच वाटेने खाली यायच्या. लिफ्ट तर वीज गेली की बंद.

हर्षदा त्या डबक्याकडे बघत राहिली.

"इथे खडीचा खड्डा होता सर," ती हळूच म्हणाली. "मी स्वतः उभं राहून भरून घेतला होता."

"मग गेला कुठे?"

"फरशीखाली."

"मीच सांगितलं गवंड्याला," शेठ म्हणाले. "उद्घाटनाच्या फोटोत दगडगोट्यांचा ढीग काय शोभतो? त्यात मांजरं घाण करायची. हर्षदाताईंनी पाहिली होती की फरशी. काही बोलल्या नाहीत."

"पाहिली होती," ती म्हणाली. "छान दिसत होती."

तेव्हा सर बोलले. आवाज वर्गातला, संथ.

"तेलाचा ट्रान्सफॉर्मर शंभर गुण देतो आणि त्याबद्दल एकच गोष्ट मागतो. कधी टाकी फुटली, तर माझं तेल गिळायला जमीन द्या. तेल पेटतं. खडीत गेलं तर दगडांखाली गुदमरून विझतं. फरशीवरून निघालं तर आग बरोबर घेऊन चालू लागतं. वर यंत्राला जोडलेला माणूस असेल, त्याचं रक्त नळीत असेल. तो पळणार कसा? आणि सोडवून खाली आणला, तरी आणणार कुठे? तिथे." त्यांनी डबक्याकडे बोट केलं.

शेठ ट्रान्सफॉर्मरकडे वळले. "मग काढून टाका हा. कोरडा आणा. त्यात तेलच नाही, म्हणजे भानगडच नाही."

सरांनी हर्षदाकडे पाहिलं. उत्तर तिनेच दिलं.

"शेठ, कोरड्यालाही मागणं आहेच. त्याची गुंडाळी सहज न पेटणाऱ्या राळेत बंद असते, म्हणून तो इमारतीच्या आत, माणसांजवळसुद्धा चालतो. पण त्याला थंड करायला फक्त हवा. ती कोरडी, स्वच्छ आणि खेळती हवी. इथे उघड्यावर ठेवला तर पाऊस आणि धूळ त्याला खाईल. आत खोली दिली आणि त्याची घरघर ऐकू येते म्हणून उद्या कुणी झरोके पुठ्ठ्याने बंद केले, की तोही आतल्या आत तापेल."

"म्हणजे दोन्ही वाईटच म्हणा."

"दोन्ही चांगले," सर म्हणाले. "मागतील ते दिलं तर."

समोरून मंडपवाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती.

"ताई, उद्याचा दिवस निभावून नेऊ," शेठ शेवटी म्हणाले. आवाजात आर्जव होतं. "माणसं खोळंबलीत. परवा फोडू फरशी, माझा शब्द. नवीन टाकी एका दिवसात थोडीच फुटते?"

खोटं नव्हतं ते. बहुधा काहीच झालं नसतं. हर्षदाने सरांकडे पाहिलं, तर सर कुंपणाच्या जाळीला अडकलेला पाचोळा काढत होते. ते मदतीला येणार नव्हते. एकीकडे एवढा गाव, एकीकडे वाळू लागलेलं एक डबकं.

"उद्या नाही," ती म्हणाली. "खडी उघडी होऊन भोवती तेल अडवणारा बुटका कठडा होईपर्यंत मी होकार देणार नाही."

"आणि सिंधूबाईला कोण सांगणार?"

"मी सांगते."

ती तशीच गल्लीत आली. मी बरोबर होतेच, आणि शेठही छत्री मिटून मागून आले. सिंधूबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. पावलांना सूज होती. हर्षदा त्यांच्यासमोर खाली बसली.

"मावशी, उद्या सुरू होत नाहीये. माझ्याकडून एक गोष्ट राहिली. नजरेसमोर होती, तरी राहिली."

सिंधूबाईंनी रागाने पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "मग बाई, सकाळची एसटी अजून सहालाच सुटते का?"

शेठ पुढे झाले.

"एसटी नको," ते म्हणाले. "काम होईस्तोवर माझी गाडी येईल. न्यायला आणि आणायला. मी स्वतः बसेन पुढे."

शेठनी गवंड्याला निरोप धाडला, आणि थोड्या वेळाने दवाखान्याच्या मागून पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. चांगल्या फरशीवर घाव घालताना गवंड्याचाही हात जड होत असावा; आवाज थांबून थांबून येत होता. हर्षदा तिकडे जायला उठली.

घरात एखादी वस्तू आणताना ती काय देईल हे आपण दहा वेळा विचारतो. ती आपल्याकडे काय मागते, हेही एकदा विचारून ठेवावं, आणि ते दिसायला ओबडधोबड असलं तरी झाकू नये.