खडकावरच्या शिंपलीची साक्ष

एका खाडीच्या मुखाशी एक पाणमांजरी आपल्या दोन पिलांसह राहत असे. मुलांनो, ती पिले म्हणजे तिचा जीव की प्राण! पण काही दिवसांपासून दोन्ही मलूल झाली होती. जरा पोहली की दमत आणि आईच्या पाठीवर डोके टेकून पडून राहत. त्यांना ताकद यावी म्हणून पाणमांजरी खडकावर गेली आणि तिथे चिकटलेली एक हिरवी शिंपली दातांनी ओढू लागली.

शिंपली कळवळून म्हणाली, "बाई गं, मला बाळांना भरवू नकोस. मी दिवसभर हे पाणी पिते आणि गाळून सोडते. पाणी निघून जाते, पण खाडीला मिळणाऱ्या त्या घाण नाल्यातून येणारे शिसे अन् तांबे माझ्या अंगात साठून राहते. इथले खाऊनच तुझी बाळे आजारी पडली असतील."

शेजारचा खेकडा खदखदून हसला. "जीव वाचवायला थापा मारते आहे! पाणी बघ कसे नितळ आहे. जन्मभर एका जागी बसलेल्या हिला काय कळणार?"

पाणमांजरी घुटमळली. पाणी खरोखरच स्वच्छ दिसत होते. शिंपली म्हणाली, "मग पारख कर. माझ्या एका बहिणीला भूशिराच्या पलीकडे, जिथे नाल्याचे पाणी पोचत नाही तिथे, नेऊन ठेव आणि दोन पौर्णिमांनी आम्हा दोघींना बघ."

पाणमांजरीने बहिणीला तिकडे नेले आणि पिलांनाही तिकडेच हलवले. दुसऱ्या पौर्णिमेला तिने पाहिले, तर तिथल्या शिंपलीचे खडकाला धरून ठेवणारे धागे घट्ट रोवलेले होते. चाहूल लागताच ती पटकन मिटली. पिले तर मासळीमागे सुसाट धावत होती! पाणमांजरी तडक जुन्या खडकाकडे आली. शिंपली अर्धवट उघडी, सैल लोंबत होती.

"अगं, मिटून घे ना," पाणमांजरी म्हणाली.

"त्राणच नाही गं. आता खाणार मला?"

"वेडी कुठली!"

तिने शिंपलीला अलगद तोंडात धरून बहिणीशेजारी नेऊन ठेवले. कपारीत लुळा पडलेला खेकडा ओशाळून "मलाही ने" म्हणाला, तेव्हा त्याच्यासाठीही तिने एक फेरी मारली. पुढे बऱ्याच दिवसांनी शिंपलीने खडकाला एक नवा धागा चिकटवला. तो बघायला दोन्ही पिले पाण्यात बुडी मारून आली.

तात्पर्य : जो तिथलेच पाणी पितो, त्याला त्यातले विष आधी कळते; तो लहान म्हणून त्याचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये.