टिकली आणि पहिल्या भाकरीचा मान

एक होती उंदीण. इवलीशी, चिंचोक्याएवढी. नाव तिचं टिकली. चिंचोक्याएवढी असली म्हणून काय झालं? शेपटी वर, मिश्या ताठ, चालायची कशी तुरुतुरु तुरुतुरु!

टिकली राहायची सगुणाकाकूच्या घरात. घरात चूल. चुलीवर धुराडं. चुलीतला धूर धुराड्यातून जायचा वर, कौलांच्या बाहेर.

एके सकाळी काकूने टिकलीला भाकरीचा तुकडा दिला. गरम गरम. टिकलीने आ केला, तोच भस्सकन! धुराड्यातून काजळी पडली. तुकडा काळा, नाक काळं. चूलसुद्धा विझली, फुस्स!

"काकू, काकू, दुसरी भाकरी दे ना!"

काकू फुंकणीने फुंकत होती. फू फू, खॉक खॉक! सगळा धूर घरात.

"कुठली भाकरी गं, टिकले? मेली चूलच पेटत नाही. चूल पेटेल, तर भाकरी थापेन."

टिकली रडली का? छे! शेपटी वर, मिश्या ताठ, निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना! काकू भाकरी थापेना, टिकलीच्या पोटात कावळे!"

चूल म्हणाली, "मी कशी पेटू? धूर माझ्याच तोंडावर येतो. धुराडं मोकळं होईल, तर पेटेन."

शेपटी वर, मिश्या ताठ, निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"धुराडोबा, धुराडोबा, मोकळा हो ना! चूल पेटेना, काकू भाकरी थापेना, टिकलीच्या पोटात कावळे!"

धुराडं घोगऱ्या आवाजात म्हणालं, "माझा गळा बघ, काजळीने गच्च! दिवाळीला झाडलं, ते झाडलं. मग थंडी गेली, उन्हाळा आला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. रोज आपला दोन वेळचा धूर! कुंचा फिरेल, तर मोकळा होईन."

शेपटी वर, मिश्या ताठ, निघाली तुरुतुरु तुरुतुरु. कुंचा होता माळ्यावर.

"कुंचेदादा, कुंचेदादा, फिर ना! धुराडं मोकळं होईना, चूल पेटेना, काकू भाकरी थापेना, टिकलीच्या पोटात कावळे!"

कुंचा म्हणाला, "मी हा असा बुटका. धुराडं ते एवढं उंच. दोरी येईल, तर फिरेन."

शेपटी वर, मिश्या ताठ, निघाली तुरुतुरु तुरुतुरु. दोरी होती गोठ्यात.

"दोरीताई, दोरीताई, ये ना! कुंचा फिरेना, धुराडं मोकळं होईना, चूल पेटेना, काकू भाकरी थापेना, टिकलीच्या पोटात कावळे!"

दोरी म्हणाली, "मी कशी येऊ? माझ्यावर शेळी बसलीय. चांगली जाडजूड! शेळी उठेल, तर येईन."

टिकली दमली का? थोडीशी दमली. पण शेपटी वर, मिश्या ताठ!

"शेळीमावशी, शेळीमावशी, ऊठ ना! दोरी येईना, कुंचा फिरेना, धुराडं मोकळं होईना, चूल पेटेना, काकू भाकरी थापेना, टिकलीच्या पोटात कावळे!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! उगाच कोण उठतंय? शेवगा पाला टाकेल, तर उठेन."

निघाली तुरुतुरु तुरुतुरु. शेवगा होता अंगणात.

"शेवगेकाका, शेवगेकाका, पाला टाका ना! शेळी उठेना, दोरी येईना, कुंचा फिरेना, धुराडं मोकळं होईना, चूल पेटेना, काकू भाकरी थापेना, टिकलीच्या पोटात कावळे!"

शेवगा म्हणाला, "अगं, मला काय हात आहेत? कोणी डहाळी कुरतडेल, तर पाला टाकेन."

आता कुणाकडे जायचं? टिकलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग छाती फुगवून म्हणाली, "कुरतडायला दात लागतात. आणि दात तर माझेच आहेत!"

चढली सरसर सरसर. कुरतडली डहाळी, कुरकुर कुरकुर. कडाड्!

शेवग्याने पाला टाकला. शेळी उठली. दोरी सुटली. टिकलीने दोरी दातांत धरली, कुंच्यापाशी नेली आणि हाक मारली, "काकू गं, धुराडं झाड!"

काकूने कमरेवर हात ठेवले. "आत्ता? अगं, आमच्याकडे धुराडं दिवाळीला झाडतात. वर्षातून एकदा. रीतच आहे तशी!"

"चूल रोज पेटते ना, काकू? मग वर्षातून एकदा कसं पुरेल?"

काकू खुदकन हसली. मग पदर खोचला, दोरीला कुंचा बांधला, खाली दगड बांधला. शिडी लावून चढली कौलांवर. दोरी खाली, दोरी वर. कुंचा फिरला, खर्र खर्र, खर्र खर्र! टोपलीभर काजळी निघाली.

धुराडं मोकळं झालं. चूल पेटली, भडभड भडभड. धूर गेला वर, थेट आभाळात. काकूने भाकरी थापली, थप थप थप. भाकरी फुगली टम्म!

काकूकडे आणखी एक रीत होती. धुराडं झाडलं की पहिली भाकरी झाडणाऱ्याची. तो मोठा मान! दर दिवाळीला तो मान काकूच घ्यायची.

आज काकूने भाकरीवर लोणी घातलं. ताटली उचलली. आणि ठेवली टिकलीसमोर.

"शिडीवर मी चढले, बाई. पण धुराडं तू झाडून घेतलंस. मान तुझा!"

अख्खी भाकरी! टिकली भाकरीवर चढून बसली आणि मधोमध खायला लागली.

तेवढ्यात शेजारच्या अनसूयाबाई आल्या. "काय गं सगुणा, आज तुझ्या घरात धूर नाही तो?"

काकू म्हणाली, "आता आम्ही धुराडं वर्षातून दोनदा झाडतो. एकदा दिवाळीआधी, एकदा पावसाआधी."

"हे कुणी गं शिकवलं?"

काकूने ताटलीकडे बोट दाखवलं. "आमच्या टिकलीने!"

टिकलीने खाल्ली भाकरी, तुम्ही ऐकली गोष्ट. पोट भरलं ना?