तरफेची सनद

नीरगडच्या राज्यात पहारीला हात लावणं हा गुन्हा झाला! नवी युक्ती शोधणाऱ्याला राजा वज्रसेन सनद देई. मग त्याच्या परवानगीशिवाय ती युक्ती दुसऱ्या कुणी वापरायची नाही. राजाचे मेव्हणे उधाजीराव यांनी सनद मिळवली ती चक्क तरफेची! 'दांडा टेकूवर ठेवावा, एक टोक खाली ओढावं, दुसरं वर उचललं जातं. ही युक्ती माझी.' उभ्या आयुष्यात या गृहस्थांनी पानाच्या विड्याहून जड काही उचललं नव्हतं!

लगेच विहिरीतला धोंडा पहारीने उचकटताना राणबा पाथरवट पकडला गेला. त्याची बायको रडत सगुणेकडे आली.

सगुणा सनदांची वकील. ती पदार्थविज्ञान शिकली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, "पोरगी सावल्या मोजत बसणार काय?" वकिली धरली तेव्हा पुन्हा मुरडली, "मग ते शिकलीस कशाला?" तिने दोन्ही वेळा मनासारखंच केलं.

"महाराज, ही युक्ती फार जुनी आहे!" ती दरबारात म्हणाली.

"सिद्ध कर!" राजा गुरगुरला. "गावकऱ्यांची साक्ष नको, ते राणबाचेच. कागद नको, ते खोटे निघतात. आणि मी सिंहासनावरून हलणार नाही. मेव्हण्यांच्या जन्माआधीपासूनची तरफ इथेच, आत्ता दाखव! नाहीतर राणबा तुरुंगात आणि तुझी वकिली बंद!"

उधाजीराव मिशीतल्या मिशीत हसले. सगुणेने दरबारावर नजर फिरवली. राजाच्या बोलण्यावर म्हाताऱ्या दिवाणजींपासून शेवटच्या मानकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या माना होहो करत डोलत होत्या.

"महाराज, हे दिवाणजी आपल्या वडिलांपुढेही अशीच मान डोलवत?"

"आयुष्यभर! दुसरं केलंय काय त्यांनी?"

"उधाजीरावांच्या जन्माआधीपासून?"

"हो, ते जन्मलेही नव्हते, मी लहान होतो तेव्हापासून. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग साक्षीदार खुद्द महाराज! डोकं मणक्यावर टेकलेलं, तो टेकू. मानेमागचे स्नायू खाली ओढतात, पुढे हनुवटी वर उचलली जाते. ही तरफच! दिवाणजींनी ती जितकी चालवली, तितकी राणबाने सात जन्मांत चालवली नसेल!"

"छट्! हाड म्हणजे का दांडा?" उधाजीराव कडाडले.

"दांडा कशाचा, ते सनदेत लिहिलंय?"

"मुद्दामच नाही लिहिलं! म्हणजे जगातले सगळे दांडे माझे!" असं म्हणून उधाजीरावांनी जीभ चावली.

"महाराज, ऐकलंत? सनद राहिली, तर आजपासून आपल्यापुढे मान डोलवायलाही उधाजीरावांची परवानगी लागणार!"

राजाने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो, मी शहाणा राजा आहे ना?"

एक मान हलेल तर शपथ!

राजा लालबुंद झाला. मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला आणि तो पोट धरधरून हसू लागला. "सोडा त्या राणबाला! यापुढे सगुणेने तपासल्याशिवाय एकाही सनदेवर शिक्का उठणार नाही. आणि ही सनद आधी फाडा रे, नाहीतर माझं राज्य चालायचं कसं?"