महाराजांचा चेंडू आणि ठकूची वांगी

"मैदान आता तुझ्या वाफ्यापर्यंत येणार, ठकू. परवा वांगी उपटून टाक," कुरुंजगडच्या तुळाजीराजांनी फर्मावलं.

ठकू माळणीचा वांग्याचा वाफा महाराजांच्या मैदानाला लागूनच होता. महाराजांनी विलायतेहून टेनिस आणलं आणि हिच्या मागं साडेसाती लागली. महाराज चेंडू असा हाणायचे की रेघ ओलांडून थेट वांग्यात! पण बाहेर गेला म्हणायची छाती कुणाची? एका पंचानं एकदाच म्हटलं, तो अजून हत्तीखान्यात शेण काढतोय. म्हणून नवे पंच, कारभारी विसाजीपंत, यांनी नियमच करून टाकला: महाराजांचा चेंडू पडेल तिथवर मैदान.

"सरकार, त्या वाफ्यावर माझी चूल पेटते हो," ठकू काकुळतीला आली.

महाराजांना पैजेचा भारी नाद. डोळे मिचकावत म्हणाले, "मग लाव पैज. उद्या मेहुण्यांशी आमचा एक डाव आहे. कोण जिंकणार ते सांग. खरं ठरलं तर वाफा तुझा, नाहीतर आमचा."

दरबारी गालात हसले. मेहुण्यांचं नाव घेतलं तर महाराज जिंकणार, महाराजांचं घेतलं तर मुद्दाम हरणार. इकडे आड, तिकडे विहीर.

ठकूनं पंतांना गाठलं. "डाव जिंकायला काय लागतं हो, पंत?"

"पहिल्या गुणाला पंधरा, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला चाळीस. चौथा मारला की डाव."

"तीस नि पंधरा चाळीस? मधले पाच कुणी खाल्ले?"

"ते साहेबाला विचार, बाई. आम्ही नुसतं ओरडतो."

"आणि चेंडू बाहेर गेला तर?"

"गुण समोरच्याला. पण महाराजांचा जातच नाही."

ठकूनं पदर खोचला. "मग माझी पैज महाराजांवर."

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव लोटला. महाराजांनी हरायच्या इराद्यानं चेंडू वांग्यात धाडला.

"आत! पंधरा-शून्य!" पंत ओरडले.

"अहो, बाहेर गेला की!"

"हा सरकारांचा विनय!"

महाराजांनी दुसरा कुंपणापार मारला. "आत! तीस!" तिसरा डोळे मिटून हाणला, तो विहिरीत डुबुक झाला. "आत! चाळीस!" मेहुणे बिचारे रॅकेटनं वारा घेत उभे. महाराज घामाघूम! आता जिंकले तर पैज हरणार. त्यांनी चौथा पुन्हा वांग्यात फेकला आणि पंतांनी तोंड उघडायच्या आत गरजले, "पंत! वांग्यात पडलेला चेंडू बाहेरच! हा आमचा हुकूम!"

"ब... बाहेर," पंत पुटपुटले.

ठकू हात जोडून पुढं झाली. "सरकार, चेंडू आत असेल तर तुम्ही जिंकलात नि मी पैज जिंकले. आणि बाहेर असेल, तर माझी वांगी मैदानाच्या बाहेर. मग ती उपटायची कशाला?"

महाराज असे हसले, असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला.

"वाफा तुझा, साडीचोळी तुझी, आणि उद्यापासून पंचाची खुर्चीही तुझी!"

"आणि मी, सरकार? हत्तीखान्यात?" पंतांनी चाचरत विचारलं.

"छे हो," महाराज डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही वांग्यातले चेंडू वेचा."