तोंड बंद, हात चालू

फार वर्षांमागे एका मोठ्या नदीच्या काठी दोरखंडांचा कारखाना होता. तिथे पंधरा-वीस बाया-बाप्ये काथ्याला पीळ देऊन दोर वळत. त्यांच्या मुकादमाने स्वतः उमेदीची वर्षं दोर वळण्यात घालवली होती. हात इतका पक्का, म्हणून तर राजाने त्याला मुकादम केलं होतं.

एके वर्षी राजाच्या कारभाऱ्याचा निरोप आला, "नदीला पूर येण्याआधी नावा बांधायला चाळीस दोर हवेत. महिन्याभरात."

इतके दोर महिन्याभरात कधीच झाले नव्हते. पण नाही म्हणायला मुकादम कचरला. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. त्याने दुपारची विश्रांती बंद केली. काम करताना गाणी म्हणायची नाहीत, आपसात बोलायचं नाही, असं बजावलं. कुणी काही सांगायला आलं, की तो म्हणे, "तोंड बंद, हात चालू."

हात चालू राहिले. बोटं सोलवटली, पण दोर भराभर होऊ लागले. पंचवीस झाले, तीस झाले. जमलं, असं मुकादमाला वाटलं.

एका सकाळी दोर गुंडाळताना त्याच्या हाताला मधेच मऊ लागलं. त्याने पीळ उकलून पाहिला. आतला एक पेड कुजक्या काथ्याचा होता. त्याने दुसरा दोर पाहिला, तिसरा पाहिला. तेच.

"काथ्या कुजका आहे, हे कुणालाच दिसलं नाही?" त्याने विचारलं.

सगळ्यांत जुनी कामकरीण तानूबाई म्हणाली, "सगळ्यांना दिसलं, मुकादम. आठ दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"आले होते मी सांगायला. तुम्ही म्हणालात, तोंड बंद."

दोर तसेच पाठवले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. उशीर होईल म्हणून सांगावं, तर मुकादमकी जायची भीती. पण त्या दोरांच्या भरवशावर नावांत माणसं बसणार होती. मुकादमाने पहिला दोर ओढला आणि उकलायला घेतला.

"तानूबाई, हे माझ्या एकट्याच्याने निस्तरणार नाही. काय करायचं, ते तुम्ही सांगा."

आधी कुणाला खरं वाटेना. मग एकजण हळूच म्हणाला, "काथ्या आधी निवडून घेऊ." दुसरी म्हणाली, "दुपारी जरा हात टेकू द्या. थकल्या बोटांना सैल पीळ कळत नाही." बघता बघता सगळेच बोलू लागले.

मुकादमाने कारभाऱ्याकडे जाऊन खरं ते सांगितलं. कारभारी फार रागावला. दरवर्षी मिळणारा मानाचा शेला त्या वर्षी मुकादमाला मिळाला नाही. पण कुजके दोर चालतील, असं कारभाऱ्यालाही म्हणवेना. त्याने पंधरा दिवस वाढवून दिले.

त्या वाढीव दिवसांतल्या तेराव्या दिवशीच चाळिसावा दोर तयार झाला. पूर आला, पण एकही नाव सुटून गेली नाही.

पुढे मुकादम रोज थोडा वेळ सगळ्यांच्यात बसून दोर वळू लागला. एकदा शेजारची नवी कामकरीण म्हणाली, "थांबा, मुकादम. तुमचा पेड सैल पडलाय."

सगळ्यांचे हात थांबले. मुकादमाने पेड चाचपला.

"खरंच की," तो म्हणाला, आणि उकलून पुन्हा वळायला बसला.

तात्पर्य: जिथे आपलं बोलणं कुणी ऐकून घेतं, तिथेच माणूस कामात जीव ओततो.